शिट्टी की निशाण?

एका शर्यतीची हकीकत सांगून सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी तालुका पातळीवरील शालेय स्पर्धेत वेळ नोंदविण्यासाठी मला बोलावले होते. भौतिकशास्त्र शिकविणारा माणूस घड्याळ तरी नीट वापरील, असा संयोजकांचा समज असावा. चौदा वर्षांखालील मुलींची १०० मीटर धावण्याची शर्यत होती. मुली पुष्कळ आणि आखलेल्या पट्ट्या सहाच, म्हणून दोन गट पाडले. आभाळ भरून आले होते. तेव्हा अंतिम फेरी न घेता दोन्ही गटांतील वेळा एकत्र लावाव्यात आणि पुढच्या फेरीसाठी मुली निवडाव्यात, असे ठरले.

पहिल्या गटाला शिट्टी वाजवून सोडले. दुसऱ्या गटाच्या वेळी शिट्टीतली गोळी अडकली आणि ती वाजेना. तेव्हा सुरुवातीच्या रेषेपाशी उभ्या असलेल्या शिक्षकांनी लाल निशाण झटकन खाली आणून इशारा दिला. मी दोन्ही वेळा शेवटच्या रेषेवर उभा होतो. पहिल्यांदा शिट्टी ऐकून घड्याळ सुरू केले, दुसऱ्यांदा निशाण पाहून. निवडीतली शेवटची जागा पहिल्या गटातल्या एका मुलीला मिळाली. तिची वेळ होती १५.४ सेकंद. दुसऱ्या गटात जऊळक्याच्या बाजूच्या एका खेड्यातून आलेली मुलगी होती. तिची वेळ १५.६ सेकंद. दोन दशांश सेकंदांनी ती मागे राहिली आणि घरी गेली.

रात्री जेवताना माझ्या लक्षात आले की ती मागे राहिलीच नव्हती.

हे कसे, ते तुम्हीही काढू शकता. ध्वनीचा हवेतील वेग ० अंश सेल्सियसला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि तापमान एक अंशाने वाढले की तो सुमारे ०.६ मीटरने वाढतो. त्या दिवशी ३० अंश तापमान होते असे धरा. म्हणजे वेग झाला ३४९ मीटर. शिट्टी वाजली ती माझ्यापासून १०० मीटरवर. तिचा आवाज माझ्या कानापर्यंत यायला १०० ÷ ३४९, म्हणजे जवळजवळ ०.२९ सेकंद लागले. शर्यतीतल्या मुली शिट्टीच्या जवळच होत्या, त्या आवाज ऐकताच सुटल्या. माझे घड्याळ मात्र ०.२९ सेकंद उशिरा सुटले. पहिल्या गटातल्या प्रत्येक मुलीला तेवढी सूट मिळाली. प्रकाशाला हेच १०० मीटर जायला सेकंदाच्या तीस लाखाव्या हिश्शाइतका वेळ लागतो, म्हणून निशाणाच्या वेळी असा उशीर झालाच नाही. पहिल्या मुलीची खरी वेळ १५.४ + ०.२९, म्हणजे १५.६९ सेकंद. दुसरीची १५.६. खऱ्या वेळेने पाहिले तर जऊळक्याकडची मुलगी पुढे होती.

तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी विचारील की, ‘सर, ऐकून किंवा पाहून बोट दाबायला जो वेळ लागतो, त्याचे काय?’ प्रश्न बरोबर आहे. आवाजाला माणूस सुमारे ०.१५ सेकंदात प्रतिसाद देतो, तर दृश्याला सुमारे ०.२ सेकंदात. पण शिट्टीच्या वेळी धावणारी आणि मी, दोघेही कानावर विसंबलेले असतो आणि निशाणाच्या वेळी दोघेही डोळ्यावर. त्यामुळे तो फरक दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा पडून निघून जातो. ध्वनीच्या प्रवासाचा वेळ तेवढा शिल्लक राहतो. म्हणूनच मोठ्या स्पर्धांत हाती घड्याळ धरणारे पंच पिस्तुलाच्या आवाजाकडे लक्ष देत नाहीत. त्याच्या नळीतून निघणारा धूर किंवा ठिणगी दिसताच ते घड्याळ सुरू करतात. ही गोष्ट मी वर्गात अनेकदा शिकविली होती. मैदानावर ती आठवली नाही, ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी संयोजकांना कळविले, पण यादी पुढे गेलेली होती.

आता तुम्ही म्हणाल, दोन दशांश सेकंदांचे एवढे काय घेऊन बसलात? त्यासाठी सरकार खेळाकडे कसे पाहते ते थोडे समजून घ्यावे लागेल.

आपल्याकडे व्यायामाची परंपरा सरकारी धोरणापेक्षा कितीतरी जुनी आहे. वऱ्हाडात अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये श्री हनुमान व्यायामशाळेचे काम सुरू केले. पुढे तिचेच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिक भरले होते, तेव्हा या मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले ते लोकांनी जमविलेल्या पैशांवर आणि उसनवारीवर. तेथून ते कुस्तीतले कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. त्यांचा १५ जानेवारी हा जन्मदिवस आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

सरकारचा हात या कामाला हळूहळू लागला. १९५३ मध्ये राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाने खेळाडूंना शिक्षण देण्याची योजना निघाली. १९५९-६० मध्ये राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम सुरू झाली. त्यात धावणे, उडी यांसारख्या ठरलेल्या कसोट्या होत्या आणि ठरलेली पातळी गाठायची होती. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ ची. १९८२ मध्ये दिल्लीला आशियाई खेळ झाले आणि १९८४ मध्ये देशाचे पहिले राष्ट्रीय क्रीडा धोरण आले. दुसरे २००१ मध्ये आणि तिसरे, ‘खेलो भारत नीती’ या नावाचे, १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केले. महाराष्ट्राचेही स्वतःचे क्रीडा धोरण आहे. विभाग, जिल्हा आणि तालुका पातळीवर क्रीडा संकुले उभारण्याची योजना त्यातूनच आली.

सनावळी पाठ करण्याची गरज नाही. एवढेच ध्यानात घ्या की या सगळ्या धोरणांना दोन वेगवेगळी कामे करायची असतात. २००१ च्या धोरणात ती अगदी सरळ लिहिली आहेत. खेळाचा पाया रुंद करायचा, म्हणजे जास्तीत जास्त लोकांना खेळायला लावायचे, हे एक. आणि निवडक खेळाडूंना जगाच्या तोडीचे करायचे, हे दुसरे. ऐकायला दोन्ही एकाच गाडीचे बैल वाटतात. पण मोजमापाच्या दृष्टीने ती अगदी निराळी कामे आहेत, आणि हा लेख त्यासाठीच लिहीत आहे.

निवड करायची म्हणजे एका मुलीची दुसरीशी तुलना करायची. तेथे मीटर खरा मीटर हवा, सेकंद खरा सेकंद हवा, आणि दोघींना तोच मीटर, तोच सेकंद हवा. आपल्या राज्यात खेळाडूंना दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात. हे सारे कोणत्या पातळीवरच्या स्पर्धेत तुम्ही काय मिळविले, यावर अवलंबून असते आणि त्या जिन्याची पहिली पायरी तालुक्याच्या मैदानावर असते. त्या मुलीचे दोन दशांश सेकंद म्हणजे काय, ते आता कळले असेल.

सर्वांना खेळायला लावणे हे काम वेगळे. तेथे शेजारणीशी तुलना करून काहीच कळत नाही. तेथे विचारायचे ते एवढेच, की जूनमध्ये तू कुठे होतीस आणि जानेवारीत कुठे आहेस?

२९ ऑगस्ट २०१९ रोजी, मेजर ध्यानचंद यांच्या जन्मदिवशी, ‘फिट इंडिया’ चळवळ सुरू झाली. शाळांसाठी तिच्यात कसोट्यांचा एक संच आहे. पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी उंची-वजन, एका पायावर तोल सांभाळणे आणि दोन तबकड्यांवर आळीपाळीने हात टेकविणे. चौथीपासून बारावीपर्यंत उंची-वजन, ५० मीटर धावणे, ६०० मीटर धावणे किंवा चालणे, बसून पुढे वाकणे, पोटाच्या स्नायूंसाठी अर्धे उठणे आणि दंड. शिक्षकांनी आकडे भ्रमणध्वनीवर भरायचे असतात. म्हणजे तुमच्या शाळेतले आकडे दूरवर जाणार आहेत आणि त्यांच्यावरून कोणी काही निष्कर्ष काढणार आहे. तेव्हा ते आकडे कसे मिळतात, ते आपण पाहू या.

समजा, तुमची शाळा जऊळक्याला आहे. वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले हे गाव. अकोल्याहून वाशिम-हिंगोलीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. तुमच्या मैदानाला लाल रंगाचा कृत्रिम धावमार्ग नाही. आहे ती या भागातली जमीन, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात पायाला पायलीभर चिकटणारी काळी माती. फार तर तिच्यावर मुरूम पसरलेला असेल. येथे ६०० मीटर कसे मोजाल?

मैदान मोठे असेल तर २०० मीटर परिघाचे वर्तुळ आखा आणि तीन फेऱ्या मारा. परीघ = २ × पाय × त्रिज्या, म्हणून त्रिज्या = २०० ÷ ६.२८३२ = ३१.८३ मीटर. मध्यभागी खुंटी ठोका, तेवढ्या लांबीची दोरी घ्या, ताणून फिरा आणि फक्कीची रेषा ओढत जा. सोपे आहे, पण दोन ठिकाणी फसगत होते.

पहिली फसगत दोरीची. नायलॉनची दोरी ओढली की लांबते. ती शेकडा एक एवढी जरी ताणली गेली, तरी परीघही शेकडा एकनेच वाढतो. फेरीमागे २ मीटर, तीन फेऱ्यांत ६ मीटर. तेव्हा दोरी जितक्या जोराने ओढून आखणार, तितक्याच जोराने ओढून तिची लांबी मोजावी. फितीऐवजी सायकलचे चाकही चालते, आणि मला ते अधिक आवडते. टायरवर खडूने खूण करा, चाक सरळ रेषेत दहा फेरे चालवा, ते अंतर मोजा आणि दहाने भागा. चाकाचा घेर सुमारे २ मीटर येईल. मात्र नेमका किती ते स्वतःच मोजा, कारण हवा कमी असली तर तोही बदलतो.

दुसरी फसगत अधिक गमतीची आहे. रेषा बरोबर आखली, पण मुलगा रेषेला लागून न धावता एक मीटर बाहेरून धावला, तर तो किती जास्त धावेल? त्रिज्या १ मीटरने वाढली म्हणजे परीघ २ × पाय × १, म्हणजे ६.२८ मीटरने वाढला. तीन फेऱ्यांत जवळजवळ १९ मीटर! सेकंदाला ४ मीटर वेगाने धावणाऱ्याला एवढ्याने पावणेपाच सेकंद जास्त लागतील. मौज अशी की ही वाढ मूळ वर्तुळ केवढे आहे यावर मुळीच अवलंबून नाही. शाळेच्या मैदानाभोवती एक मीटर बाहेरून फेरी मारा किंवा पृथ्वीच्या विषुववृत्ताभोवती मारा, जास्तीचे अंतर तेच ६.२८ मीटर. म्हणून कोणीही अगदी रेषेवर पाय देऊन धावत नाही हे लक्षात घेऊन नियमातही सोय केलेली आहे. आतल्या बाजूला उंच कड असेल तर तिच्यापासून ३० सेंटिमीटर, आणि नुसती रेषा असेल तर तिच्यापासून २० सेंटिमीटर बाहेर धावमार्गाची लांबी मोजतात. म्हणजे तुमची फक्की ३१.८३ ऐवजी ३१.६३ मीटर त्रिज्येवर पडायला हवी.

मैदान लहान असेल तर? १५.९२ मीटर त्रिज्येचे वर्तुळ घ्या, परीघ १०० मीटर, फेऱ्या सहा. अंतर तेवढेच झाले. पण वेळ तेवढीच येईल का? वळणावर धावणाऱ्याला सतत केंद्राकडे खेचणारे बल लागते. ते जमिनीच्या घर्षणातून मिळते. वेग ४ मीटर असेल तर केंद्राकडील त्वरण = ४ × ४ ÷ १५.९२, म्हणजे सुमारे १ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वत्वरणाच्या हे एक-दशांश आहे. तेवढ्यासाठी धावणाऱ्याला आत सुमारे ६ अंश कलावे लागते. मोठ्या वर्तुळावर ३ अंश पुरतात. शिवाय ओल्या काळ्या मातीत घर्षणच कमी, म्हणून वळणावर मूल आपोआप वेग आवरते. तेव्हा जऊळक्याच्या लहान मैदानावर सहा फेऱ्या मारणारा मुलगा आणि शहरातल्या आखीव मार्गावर धावणारा मुलगा यांच्या वेळा एका यादीत मांडणे म्हणजे पायली आणि लिटर एकाच रकान्यात लिहून बेरीज करणे होय.

आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. शालेय स्पर्धांचा तालुका टप्पा बहुधा पावसाळ्यातच किंवा त्याच्या आगेमागे येतो. मुरुमाच्या मैदानावर तो निभतो. नुसत्या काळ्या मातीवर सराव करणाऱ्या मुलांना मात्र नेमके सरावाचे दोन-तीन महिने मैदान मिळत नाही. वेळापत्रक ठरविताना जमिनीचा विचार व्हावा, असे मला वाटते.

५० मीटरच्या कसोटीत तुम्हाला आता फार सांगायला नको. शिट्टी ऐकून घड्याळ सुरू केले तर किती सेकंदांची चूक होईल, ते काढा. उत्तर ०.१४ च्या आसपास यावे. आपले बोट किती वेळाने हलते तेही पाहता येते. मित्राला पट्टी उभी धरायला सांगा, तिच्या शून्यापाशी आपली बोटे उघडी ठेवा आणि तो न सांगता सोडील तेव्हा पकडा. पट्टी २० सेंटिमीटर पडली तर ०.२ सेकंद गेले.

दंडांच्या कसोटीत मुलींना गुडघे टेकून दंड काढायला सांगतात. यात सवलत किती, हे वजनकाट्याने कळते. आपले शरीर या वेळी तरफेसारखे असते. टेकू पायाच्या बोटांपाशी, वजन मध्ये, आणि हातांचे बल दुसऱ्या टोकाला. बोटांपासून हातांपर्यंतचे अंतर १.२ मीटर आणि गुरुत्वमध्यापर्यंतचे ०.८ मीटर असेल, तर हातांवर वजनाचा ०.८ ÷ १.२, म्हणजे दोन-तृतीयांश भार येईल. गुडघे टेकले की टेकू पुढे सरकतो आणि पोटऱ्या-पावलांचे वजन जमिनीवर जाते. मग हातांवर सुमारे निम्माच भार राहतो. काट्यावर दोन्ही हात ठेवून, शरीर सरळ धरून ताडून पाहा. काट्याच्या उंचीइतक्या विटा पायाखाली ठेवायला विसरू नका.

उंची-वजनाच्या कसोटीत एक निर्देशांक काढतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. बेल्जियमचा गणिती केतले याने १८३२ मध्ये असे दाखविले की प्रौढ माणसांत वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. भूमिती शिकलेल्या मुलाला हे खटकले पाहिजे. सर्व बाजूंनी सारखे वाढणाऱ्या वस्तूचे आकारमान, आणि म्हणून वजनही, घनाच्या प्रमाणात वाढायला हवे. मग वर्ग कसा? कारण उंच माणूस हा बुटक्या माणसाचे मोठे केलेले चित्र नसतो. तो त्या मानाने सडपातळ असतो. वाढत्या वयात तर शरीराची ठेवणच बदलत असते, म्हणून मोठ्यांसाठी ठरविलेली मर्यादा मुलांना लावू नये. मुलांचा निर्देशांक वय आणि मुलगा-मुलगी पाहून तक्त्याशीच ताडावा लागतो. शिक्षकांनी एवढे मात्र पाहावे की उंची चपला काढून मोजली जाते. १.४५ मीटर उंचीची, ३५ किलोग्रॅमची मुलगी घ्या. तिचा निर्देशांक १६.६ येतो. २ सेंटिमीटर टाचेच्या चपलांसह मोजली तर १६.२. उंचीत शेकडा १.४ ची चूक, निर्देशांकात तिच्या दुप्पट, कारण उंचीचा वर्ग केला आहे. आणि हा आकडा वर्गात मोठ्याने वाचू नये. त्याने कोणाचीच हालचाल वाढत नाही.

कसोट्यांनी काय साधते आणि काय साधत नाही, हे इतर देशांनी पुरते अनुभवले आहे. सोव्हिएत रशियात १९३१ मध्ये ‘श्रम आणि संरक्षणासाठी सज्ज’ नावाची कसोट्यांची पद्धत सुरू झाली. ती १९९१ पर्यंत चालली आणि रशियाने २०१४ मध्ये ती पुन्हा आणली. अमेरिकेची कथा अधिक बोधप्रद आहे. १९५३ च्या सुमारास क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा सोप्या हालचालींची कसोटी अमेरिकन आणि युरोपीय मुलांना दिली. निदान एका हालचालीत नापास होणारी मुले अमेरिकेत शेकडा ५८ च्या जवळपास निघाली, युरोपात शेकडा ९ सुद्धा नाहीत. देशात एकच हलकल्लोळ उडाला आणि १९५६ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी युवकांच्या तंदुरुस्तीसाठी खास मंडळ नेमले. नापास झालेल्यांपैकी पुष्कळ जण वाकून पायाची बोटे गाठण्याच्या एकाच हालचालीत अडकले होते, हे मात्र त्या गोंधळात मागे पडले.

पुढे १९६६ पासून तेथील अध्यक्षांच्या नावाने बक्षीस ठेवले गेले. प्रत्येक कसोटीत शंभरातल्या ८५ मुलांच्या वर असाल तर ते मिळायचे. याचे गणित करू या. एका कसोटीत वरच्या १५ टक्क्यांत येण्याची शक्यता ०.१५. पाच कसोट्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही असे धरले, तर पाचही जमण्याची शक्यता ०.१५ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे तेरा हजारांत एक. प्रत्यक्षात चपळ मूल अनेक गोष्टींत चपळ असते, म्हणून एवढी वाईट स्थिती नसते. पण कसोट्या एकमेकींशी पूर्ण जुळल्या तरी शंभरांत पंधरांच्या वर संख्या जाऊच शकत नाही. मुलांनी कितीही मेहनत केली, सगळा देश दुप्पट वेगाने धावू लागला, तरी नव्याने मोजल्यावर वरच्या पंधरांत पंधराच! सर्वांना खेळायला लावण्यासाठी काढलेली योजना, तिच्या मोजण्याच्या पद्धतीमुळेच, शंभरातल्या ८५ मुलांना दरवर्षी ‘तुम्ही कमी पडलात’ असे सांगत राहिली. २०१२ मध्ये ती बदलून आरोग्यासाठी किती क्षमता पुरेशी आहे, यावर भर देणारी पद्धत आणली गेली. जुलै २०२५ मध्ये जुनी कसोटी पुन्हा आणण्याचा आदेश निघाला. म्हणजे वाद तेथेही मिटलेला नाही.

आपल्याकडे काय करावे? माझे मत असे की शाळेतली कसोटी एकच असली तरी वही दोन असाव्यात. निवडीच्या वहीत निशाणाने सोडलेली शर्यत, आखून मोजलेले अंतर आणि निदान दोन घड्याळे. दुसरी वही ज्याची त्याची. तिच्यात मैदान लहान असले, दोरी थोडी ताणली गेलेली असली, तरी फारसे बिघडत नाही, कारण मैदान तेच, दोरी तीच आणि घड्याळही तेच. मोजण्यातली ठरावीक चूक जूनच्या आणि जानेवारीच्या दोन्ही आकड्यांत सारखीच शिरते आणि वजाबाकीत बव्हंशी नाहीशी होते. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्ही शून्याची चूक अशीच घालवितो.

राहिला प्रश्न रोजच्या हालचालीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे तरी मध्यम ते जोरदार हालचाल करावी. २०१६ च्या आकड्यांवरून केलेल्या जागतिक पाहणीत ११ ते १७ वयाच्या मुलामुलींपैकी शेकडा ८१ जण एवढी हालचाल करीत नसल्याचे दिसले. मुलींत तर शेकडा ८५. या ६० मिनिटांत खेळाचाच तास धरायचा असे नाही. झपझप चालत शाळेला जाणे, विहिरीचे पाणी ओढणे, शेतात काम करणे, सायकल मारणे, सारे त्यात येते. म्हणून शेतशिवारातून दोन किलोमीटर चालत येणाऱ्या मुलीने येण्या-जाण्यातच चाळीस-पन्नास मिनिटे मिळविलेली असतात. कसोटीच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नसतो, एवढेच.

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात निवडक तालुक्यांतील शाळकरी मुलींना सायकली दिल्या जातात. हेतू शिक्षणाचा आहे, मुलीची शाळा अंतरामुळे सुटू नये हा. पण मला ती योजना व्यायामाच्या धोरणाचाही एक भाग वाटते. सायकलला तेवढेच अंतर तोडायला चालण्यापेक्षा कमी ऊर्जा लागते हे खरे. पण जिच्या शाळेचा रस्ता चार किलोमीटर आहे, ती चालत नसते. ती एसटीने किंवा ऑटोने येते, नाहीतर येतच नाही. तिच्या हातात सायकल आली की रोज आठ किलोमीटर पायडल मारले जातात आणि शिट्टी कोणी वाजवावी लागत नाही.

तुमची स्वतःची वही आजच सुरू करा. रकाने असे पाडा : तारीख, सकाळ की दुपार, ५० मीटरची वेळ, ६०० मीटरची वेळ, फेऱ्या किती आणि त्रिज्या किती, इशारा शिट्टीचा की निशाणाचा, शाळेला पायी की सायकलने, आणि शेवटचा रकाना जमीन कोरडी होती की ओली.